घरातलं एचआरव्ही युनिट: वापर आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआरव्ही म्हणजे घरातली वापरलेली हवा बाहेर टाकताना तिच्यातली ऊब काढून घेऊन ती आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं व्हेंटिलेशन युनिट. ते घेण्याआधी लोक शंभर प्रश्न विचारतात आणि बसवून झालं की एकही नाही. घोटाळा तिथेच होतो. पाण्याचा पंप बिघडला तर नळ कोरडा पडतो आणि घरभर बोंब होते. एचआरव्ही गुदमरलं तर कुणालाच कळत नाही. दिवा हिरवा असतो, घरघर चालू असते, आणि खोलीत हवा मात्र निम्मीच येत असते. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख एकच आहे: दिव्याकडे बघू नका, खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीला हात लावून बघा.

युनिटच्या पोटात नेमकं असतं काय?

दोन पंखे, दोन फिल्टर, मधोमध कोर आणि तळाशी पाणी गोळा करणारा ट्रे. एक पंखा बाथरूम, टॉयलेट आणि किचनमधली दमट हवा ओढून बाहेर फेकतो. दुसरा बाहेरची हवा घेऊन बेडरूम आणि हॉलमध्ये सोडतो. दोन्ही हवा कोरमधून जातात, पण पातळ पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याच्या दोन बाजूंनी. ऊब पडदा ओलांडते, हवा ओलांडत नाही.

कोरमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांना काटकोनात छेदत असतील, तर साधारण ५० ते ७० टक्के उष्णता परत मिळते. उलट दिशांनी, समोरासमोरून जात असतील तर हाच आकडा ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातो. काही युनिटमध्ये कोरऐवजी हळू फिरणारं चाक असतं. त्यात जुन्या हवेचा थोडा अंश नव्या हवेत मिसळतोच, त्यामुळे वासही कधी कधी फिरून परत येतो.

एचआरव्ही आणि ईआरव्ही यात फरक काय?

ईआरव्हीचा पडदा उष्णतेबरोबर थोडी वाफही पलीकडे जाऊ देतो. कडक थंडीत घर फार कोरडं पडत असेल, किंवा बाहेर दमट उकाडा आणि आत एसी चालू असेल, तर ईआरव्ही जास्त सोयीचं. देखभालीच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट एकच: दोघांचे कोर एकाच पद्धतीने धुता येतील असं गृहीत धरू नका. त्याबद्दल पुढे येईलच.

याने घर गरम होतं का? की गार?

दोन्ही नाही. हे यंत्र उष्णता तयार करत नाही, बाहेर जाणारी अडवतं. एक हिशोब मांडतो. तासाला १२० घनमीटर हवा बदलायची आहे, बाहेर ५ अंश आहे आणि आत २२. नुसत्या पंख्याने हवा बदलली तर जवळपास ६७० वॅटचा हीटर अखंड चालवण्याइतकी ऊब बाहेर जाते. ८२ टक्के परत मिळवणारं युनिट असेल तर त्यातले साधारण ५५० वॅट घरातच राहतात आणि उरलेले १२० वॅट तुमच्या हीटिंगला भरून काढावे लागतात. त्यासाठी दोन्ही पंखे मिळून खातात ३०-४० वॅट. व्यवहार फायद्याचा आहे, पण जादू नाही. “एचआरव्ही लावलं तरी खोली गार का?” याचं उत्तर हीटरकडे मागायचं.

दिवसरात्र चालू ठेवायचं का? बिलाचं काय?

हो, दिवसरात्र. रात्री झोपताना बंद करणारे बरेच भेटतात. म्हणजे बंद दारांआड माणसं सात-आठ तास श्वास घेणार, नेमकी तेव्हाच ताजी हवा बंद! आवाजामुळे बंद करत असाल तर आवाजाचं कारण शोधा (खाली पाहा), यंत्राचा गळा दाबू नका.

विजेचं म्हणाल तर ३० वॅटचं युनिट वर्षभर अखंड चाललं तर साधारण २६३ किलोवॅट-तास लागतात. स्पीड कमी केला की खर्च त्याहून झपाट्याने उतरतो, कारण पंख्याला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून मंद गतीवर सतत चालवणं हे तासभर जोरात आणि तासभर बंद अशा खेळापेक्षा स्वस्त पडतं, आणि हवाही जास्त चांगली राहते.

कुठला स्पीड योग्य?

एका माणसामागे तासाला ३० घनमीटर हे पॅसिव्ह हाउसवाल्यांचं (म्हणजे हीटिंग जेमतेमच लागेल अशी घरं बांधणाऱ्यांचं) गणित घरासाठी चांगलं लागू पडतं. चार माणसं असतील तर १२०. हा तुमचा रोजचा स्पीड. घरात कुणी नसेल तर सर्वांत कमी स्पीड, आणि अंघोळ, स्वयंपाक किंवा पाहुण्यांची गर्दी असेल तर बूस्ट, म्हणजे थोडा वेळ जोराचा स्पीड. अंघोळ आटोपल्यावर २०-३० मिनिटं बूस्ट चालू राहू द्या. आरशावरची वाफ गेली म्हणजे भिंतीतला आणि टॉवेलमधला ओलावा गेला असं नसतं.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. बेडरूममध्ये सकाळी उठल्याबरोबर आकडा बघा. १,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आसपास किंवा खाली असेल तर ठीक चाललंय. हा आकडा आजकालचा नाही, म्युनिकच्या माक्स फोन पेटनकोफर यांनी १८५८ सालीच कोंदट खोली ओळखायला हीच मर्यादा सुचवली होती. हा वायू तेवढ्याने बाधतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तो वाढला म्हणजे माणसांच्या श्वासाचं आणि अंगाचं बाकी सगळंही हवेत साठलंय, एवढाच त्याचा अर्थ.

खिडक्या उघडल्या तर यंत्र बिघडतं का?

नाही. खुशाल उघडा. तेवढा वेळ ऊब परत मिळत नाही, इतकंच. घरात युनिट असल्यावर खिडकीला हात लावायचा नाही, हा नियम कुणी काढला कोण जाणे.

फिल्टर किती दिवसांनी बदलायचा?

महिन्यातून एकदा झाकण उघडून बघायचा आणि तीन ते सहा महिन्यांत बदलायचा. बाहेर बांधकाम, धुळीचा रस्ता किंवा परागकणांचा हंगाम असेल तर त्याआधीच.

पॅनलवर “फिल्टर बदला” असा दिवा लागतो त्यावर फार विसंबू नका. बऱ्याच युनिटमध्ये तो दिवा म्हणजे नुसतं घड्याळ असतं. शेवटचं रीसेट केल्यापासून ९० किंवा १८० दिवस झाले की लागतो. फिल्टर काळा ठिक्कर पडलाय की कोराकरकरीत आहे, त्याला काही दिसत नाही. आणि बटण दाबून दिवा विझवला की फिल्टर बदलल्याचं समाधान मिळतं, हा आणखी एक तोटा.

पहिल्यांदा दोन्ही फिल्टर बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. बाहेरून येणाऱ्या हवेचा फिल्टर राखाडी-काळा दिसेल, घड्यांमध्ये चिलटं आणि पंखांचे तुकडे अडकलेले असतील. घरातून जाणाऱ्या हवेच्या फिल्टरवर मात्र मऊ, फिकट लोकरीसारखा थर बसलेला असेल: कपड्यांचं तूस, केस, अंथरुणातली धूळ. दोन्ही एकाच वेळी भरतात असं नसतं, आणि खरी अडचण तीच आहे. बाहेरचा फिल्टर तुंबला की आत येणारी हवा घटते पण बाहेर जाणारी तेवढीच राहते. मग घर उरलेली हवा दाराखालून, खिडकीच्या फटीतून आणि जिथून मिळेल तिथून ओढायला लागतं, न गाळलेली. उलट झालं, म्हणजे घरातला फिल्टर तुंबला, तर थंडीत घरातली दमट हवा भिंतींच्या फटींमध्ये ढकलली जाते आणि तिथे ओल धरते.

तुंबलेल्या फिल्टरवर युनिट कसं वागतं तेही त्याच्या जातीवर आहे. साध्या पंख्याचं युनिट निमूटपणे हवा कमी करतं. हवेचा प्रवाह कायम राखणारा पंखा असेल तर तो वेग वाढवतो, आवाज चढतो, वीज जास्त लागते. दुसरं बरं, निदान तक्रार तरी करतं.

नवीन फिल्टर बसवताना चौकटीवर पेनने तारीख लिहा. चौकटीवरचा बाण हवेच्या दिशेने असू द्या. आणि कडेची फोमची पट्टी नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघा. फट राहिली तर हवा फिल्टर सोडून फटीतूनच जाणार, तिला कष्टाची आवड नाही.

फिल्टर धुऊन परत वापरला तर?

जाड जाळीचा किंवा फोमचा फिल्टर कोमट पाण्याने धुता येतो. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. घड्या घातलेला बारीक फिल्टर धुऊ नका, त्याच्या तंतूंची रचना बिघडते. दिसायला स्वच्छ, गाळायला निकामी. मधल्या काळात व्हॅक्यूम क्लीनरने वरवरची धूळ ओढून घ्यायची असेल तर जाड फिल्टरवर चालेल.

जी४, एफ७, ईपीएम१ ही काय भानगड आहे?

जी४ आणि एफ७ हे जुन्या युरोपीय मानकातले वर्ग. २०१६ साली आलेल्या आयएसओ १६८९० या मानकात फिल्टर कोणत्या आकाराचे कण किती टक्के अडवतो ते थेट लिहितात. “ईपीएम१ ५०%” म्हणजे १ मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी निम्मे तरी अडवणारा, जुन्या एफ७च्या जवळपासचा. “कोर्स” लिहिलेला म्हणजे जाड, जी४च्या गटातला.

माझं मत असं की बाहेरून येणाऱ्या हवेला एफ७च्या तोडीचा आणि घरातून जाणाऱ्या हवेला जी४च्या तोडीचा फिल्टर पुरतो. दुसऱ्या फिल्टरचं काम कोर आणि पंखा सांभाळणं एवढंच आहे, त्याला बारीक फिल्टर कशाला? आणि युनिट ज्यासाठी बनलेलं नाही इतका घट्ट फिल्टर उत्साहाने घालू नका. हवा स्वच्छ होते, पण येतच नाही.

कोर कसा साफ करायचा?

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी. आधी प्लग काढा (नुसतं पॅनलवरून बंद करणं पुरेसं नाही) आणि पंखे थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबा. झाकण आणि फिल्टर काढले की कोर दिसतो, बहुधा एक पट्टी धरून बाहेर ओढायचा असतो. ओढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, वरची बाजू कुठली आणि बाण कुठे ते परत बसवताना आठवत नाही. तो जड असेल आणि आत थोडं पाणीही असेल, म्हणून खाली जुनं फडकं अंथरा.

ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा साधा कोर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून बुडवून ठेवायचा, खालीवर हलवायचा आणि साध्या पाण्याने खळखळून घ्यायचा. प्रेशरचा फवारा, डिशवॉशर, ब्लीच यातलं काहीही नको. पातळ पापुद्रे एकदा वाकले की परत सरळ होत नाहीत. मग एका कोपऱ्यावर तिरका उभा करून निथळू द्या. ईआरव्हीचा कोर असेल तर आधी माहितीपत्रक वाचा. काही पडदे पाण्याला टिकतात, पण काहींना पाणी लागलं की संपलंच, त्यांना फक्त व्हॅक्यूमचा मऊ ब्रश चालतो.

कोर बाहेर असतानाच आतली पोकळी आणि ट्रे ओल्या फडक्याने पुसून घ्या. ट्रेच्या भोकापाशी जो बुळबुळीत थर हाताला लागतो तो पाणी तुंबण्याचं पहिलं लक्षण आहे.

पंख्याची पाती पुसावीत का?

हात पोहोचत असेल तर मऊ कोरड्या ब्रशने. पात्यांवर एखाद-दुसरी इवलीशी धातूची चिमटी दिसेल. ती कचरा नाही. कारखान्यात पंख्याचा तोल साधायला लावलेली असते. ती काढली की त्या दिवसापासून युनिट थरथरायला लागतं, आणि मग कितीही स्क्रू आवळले तरी उपयोग नाही. पाणी मात्र मोटारीजवळ नेऊ नका.

युनिटमधून पाणी का गळतं?

कारण ते पाणी बनवतं, आणि बनवायलाच हवं. थंडीत घरातली उबदार दमट हवा कोरमध्ये गार होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ट्रेमधून ड्रेन पाइपने निघून जातं. पाणी बाहेर गळतंय म्हणजे वाट अडली आहे. पाइप बुळबुळीने चोंदला असेल, त्याचा उतार उलटा झाला असेल, युनिटच सरळ टांगलेलं नसेल किंवा पाइपच्या तोंडाशी पाणी गोठलं असेल. ग्लासभर कोमट पाणी हळूहळू ट्रेमध्ये ओता. ते न थबकता निघून गेलं पाहिजे. हे वर्षातून दोनदा करा.

पाणी ट्रेमध्ये न पडता डक्टच्या (हवा वाहून नेणाऱ्या नळाच्या) बाहेरून टपकत असेल तर गोष्ट वेगळी. थंड हवा वाहणाऱ्या डक्टवरचं इन्सुलेशन कुठेतरी उघडं पडलंय आणि घरातल्या हवेची वाफ त्यावर जमतेय, गार ग्लासला बाहेरून घाम सुटतो तशी. इन्सुलेशनवरचं बाष्परोधक आवरण नीट टेपने बंद करा, सगळी फट, एक इंचही न सोडता.

जाळीतून घाण वास येतोय. काय बघू?

गटारासारखा वास असेल तर पहिला संशयित ड्रेनचा ट्रॅप. त्या वाकड्या नळीत पाणी असतं तोवर गटारातली हवा अडलेली राहते. उन्हाळ्यात युनिट पाणी बनवत नाही, ट्रॅप सुकतो आणि पंखा थेट गटारातून हवा ओढतो. ट्रॅपमध्ये पाणी ओता, वास गेला तर निदान पक्कं. दरवर्षी हीच कटकट असेल तर पाण्याशिवाय चालणारा, आत पडदा असलेला ट्रॅप लावून घ्या.

ओलसर, कुबट वास असेल तर जुना फिल्टर किंवा ट्रे. धुराचा किंवा शेजारच्या स्वयंपाकाचा वास असेल तर तो बाहेरूनच येतोय, हवा ओढण्याची जागा चुकली आहे. हवा ओढणारं आणि फेकणारं तोंड फार जवळ असतील तर आपलीच टाकलेली हवा आपल्याच घरात परत येते.

आवाज वाढलाय. पंखा बदलायचा का?

घाई नको. यात बहुतेक वेळा आजार म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत होते. हळूहळू चढलेला आवाज म्हणजे बहुधा तुंबलेला फिल्टर किंवा बाहेरची जाळी. एकाच खोलीत शिट्टी वाजतेय म्हणजे त्या खोलीचा व्हॉल्व्ह (छतातलं हवेचं गोल, कमीजास्त उघडणारं तोंड) फार मिटलेला आहे. भिंतीतून घुमणारी गुणगुण म्हणजे युनिटखालचं रबर दबलंय किंवा डक्टचा क्लॅम्प घट्ट धातूला टेकलाय. पात्यांवर धूळ एका बाजूला बसली तरी थरथर सुरू होते. हे सगळं तपासून झाल्यावरही खरखर, घासल्यासारखा आवाज येत असेल, प्लग काढून पंखा हाताने फिरवला तर अडखळत असेल, तर बेअरिंग गेलंय. तेव्हा पंखा बदला.

बाहेरच्या जाळीचं मुद्दाम सांगतो, कारण ती सर्वांत जास्त विसरली जाते. एका ओळखीच्या घरात युनिट उघडलं तर फिल्टर नवे, कोर लखलखीत, पंखे ठणठणीत, आणि हवा म्हणाल तर फुंकर मारल्याएवढी. शिडी लावून बाहेरचं तोंड पाहिलं तर कुणीतरी हौसेने त्यावर बारीक डासांची जाळी ताणून बसवलेली. त्या जाळीवर धूळ, कोळिष्टकं आणि सुकी पानं मिळून चक्क नमदा तयार झाला होता, बोटाने सोलून काढता आला. ५-६ मिलिमीटर भोकांची जाळी पक्षी आणि पानं अडवायला पुरते, चिलटांसाठी फिल्टर आहे.

छतातले गोल व्हॉल्व्ह स्वतः साफ करू शकतो का?

नक्की, ओल्या फडक्याने, दोन-तीन महिन्यांतून एकदा. बाथरूममधला जरा लवकर. पण व्हॉल्व्हची मधली तबकडी फिरवू नका. ती किती उघडी आहे त्यावर त्या खोलीत किती हवा जाते ते ठरतं, आणि बसवताना तंत्रज्ञाने मीटर लावून एकेक ठरवलेली असते.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. पहिल्या वर्षी मी घरातले सातही व्हॉल्व्ह एकदम काढले, बादलीत घातले, घासून पांढरेशुभ्र केले. वाळल्यावर बघतो तर सातही सारखेच! कुठला कुठे होता काही आठवेना. दिसेल तिथे दिसेल तो बसवला. त्या रात्री एक बेडरूम शिट्टी वाजवत होती, दुसरी कोंदट, आणि बाथरूमचा आरसा दुपारपर्यंत ओला. पुन्हा माणूस बोलवून सगळी मापं नव्याने घ्यावी लागली. तेव्हापासून प्रत्येकाच्या मागे मार्करने खोलीचं नाव आहे आणि मी एका वेळी एकच काढतो.

हवा पुरेशी येतेय का ते घरीच कसं तपासायचं?

टिश्यू पेपरचा तुकडा ओढणाऱ्या जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. ही झाली ढोबळ तपासणी.

थोडं पुढे जायचं असेल तर कचऱ्याची मोठी पिशवी घ्या. ६० लिटरची पिशवी पूर्ण चपटी करून तिचं तोंड हवा सोडणाऱ्या जाळीवर घट्ट धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६ सेकंद लागले तर सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. ओढणाऱ्या जाळीला फुगवलेली पिशवी लावून ती किती वेळात रिकामी होते ते बघा. मोजमाप काटेकोर नाही, पण दर सहा महिन्यांनी त्याच पिशवीने, त्याच स्पीडवर मोजलं आणि वहीत लिहिलं तर घसरण लगेच दिसते. सगळ्या खोल्यांची बेरीज करून आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा साधारण १० टक्क्यांच्या फरकात असली पाहिजे.

एक साधी गोष्ट राहते: दारं. बेडरूममध्ये सोडलेली हवा दाराखालच्या फटीतून बाथरूमकडे जाते. तिथे जाड पायपुसणं किंवा ब्रशची पट्टी लावली तर वाटच बंद. सुमारे एक सेंटिमीटरची फट मोकळी हवी.

युनिट खरंच जाहिरातीएवढी ऊब परत देतंय का?

तीन तापमानं मोजा: बाहेरचं, ओढणाऱ्या जाळीपाशी घरातलं, आणि सोडणाऱ्या जाळीपाशी आत येणारं. बाहेर ५, घरात २२ आणि आत येणारी हवा १९ असेल, तर १४ भागिले १७, म्हणजे ८२ टक्के.

पण हा आकडा फसवू शकतो. बाहेरचा फिल्टर तुंबला की आत येणारी हवा कमी होते, आणि थोडीच हवा असल्यामुळे ती कोरमध्ये आणखी छान तापते. म्हणजे यंत्र जितकं गुदमरतं तितका आकडा सुंदर दिसतो! कागदावर ९५ टक्के आणि खोलीत हवा नाही. म्हणून आधी पिशवी, मग थर्मामीटर.

थंडीत घर फार कोरडं पडतं. युनिट दोषी आहे का?

अर्धवट. शून्य अंशाच्या अगदी दमट हवेतही घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम पाणी मावतं, तर २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच्या वर. तीच बाहेरची हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. खिडकी उघडली तरी हेच होणार. ३० टक्क्यांच्या खाली सतत राहत असेल तर स्पीड एक पायरी कमी करा. पूर्ण बंद करू नका. पुढच्या वेळी ईआरव्हीचा कोर घेता येतो का ते विचारा.

कडक थंडीत युनिट मधूनच थांबतं किंवा आवाज बदलतं. बिघाड आहे का?

बहुधा नाही. बाहेर शून्याच्या खाली बरंच उतरलं की कोरमधलं पाणी गोठू लागतं. ते वितळवायला युनिट काही मिनिटं बाहेरची हवा थांबवतं, किंवा घरातलीच हवा फिरवतं, किंवा आत येणारी हवा छोट्या हीटरने आधी तापवतं. हवा आत आणणारा पंखा थांबतो पण बाहेर फेकणारा चालू राहतो अशी पद्धत असेल आणि घरात लाकडाची शेगडी किंवा उघड्या ज्योतीचा बॉयलर असेल, तर मात्र सावध व्हा. घरात हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशा घरात अलार्म हवाच, आणि युनिट-शेगडी एकत्र चालवण्याची परवानगी जाणकाराकडून तपासून घ्या.

उन्हाळ्यात काय करायचं?

बायपास असेल तर तो रात्री उघडू द्या. बाहेरची गार हवा कोरला वळसा घालून थेट आत येते आणि आतली ऊब परत मिळत नाही, जे आपल्याला तेव्हा हवंच असतं. मात्र या हवेचं प्रमाण कमी असतं, तेव्हा खिडकीच्या झुळुकीएवढी अपेक्षा ठेवू नका. दिवसा आत एसी आणि बाहेर ऊन असेल तर बायपास बंद. तेव्हा कोर गारवा वाचवतो.

दमट हवामानात साधं एचआरव्ही बाहेरचा ओलावा आत आणतं, ते हवा कोरडी करणारं यंत्र नाही. आणि अशा वेळी पाणी उलट्या बाजूला, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर जमू शकतं. काही युनिटना त्या बाजूला ड्रेनच नसतो, हे बसवण्याआधी विचारून घ्या.

किचनचा हूड किंवा कपडे वाळवण्याचं मशीन याला जोडलं तर?

नाही. कदापि नाही. हूडमधली तेलकट वाफ कोरच्या पापुद्र्यांवर चिकट थर बसवते, आणि ड्रायरचं तूस तो चोंदवून टाकतं. वर आग लागायचा धोका. किचनमध्ये हवा ओढणारी जाळी शेगडीपासून दूर असावी आणि तिला स्वतःचा धुता येणारा ग्रीसचा फिल्टर असावा.

बाहेर धूर किंवा दुर्गंधी असेल तर?

काही तासांसाठी बंद करा. जवळ आग, रसायनांची गळती असं काही असेल तर लगेच. बंद करण्याचं बटण किंवा स्विच कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. धूर दिवसेंदिवस राहणार असेल तर बारीक फिल्टर घालून कमी स्पीडवर चालवा, आणि तो फिल्टर नेहमीपेक्षा खूप लवकर भरेल हे धरून चाला. घरात रंगकाम, प्लास्टर, फरशी घासणं चालू असतानाही युनिट बंद आणि जाळ्या झाकलेल्या.

डक्ट साफ करून घ्यावेत का?

हवा सोडणारे डक्ट फिल्टरच्या पुढे असतात, ते वर्षानुवर्षं बरे राहतात. ओढणारे डक्ट मात्र फिल्टरच्या आधी येतात, तूस तिथेच बसतं. व्हॉल्व्ह काढून टॉर्च मारा आणि फोटो घ्या. भिंतीवर पातळ धूळ दिसली तर घाबरण्यासारखं काही नाही. थर लोंबत असेल तर ब्रशवाल्याला बोलवा.

माझ्याकडे डक्ट नाहीत, भिंतीत बसणारं छोटं युनिट आहे. त्याचं काय?

त्यात सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा असतो. साधारण मिनिटभर हवा बाहेर जाते, ठोकळा तापतो, मग पंखा उलटा फिरतो आणि येणारी हवा ती ऊब घेते. अशी दोन युनिट जोडीने, एक आत तर एक बाहेर, चालली पाहिजेत. दोन्ही एकदम फुंकत असतील तर जोडणी चुकली आहे. ठोकळा कोमट पाण्याखाली धरून धुवा, पण सांभाळून. पडला तर फुटतो.

महिनाभर घर बंद ठेवायचं आहे. प्लग काढू का?

नको, सर्वांत कमी स्पीडवर राहू द्या. बंद घरात ओल धरते, ट्रॅप सुकतो आणि ओला कोर आत तसाच राहून कुबट होतो. वीज बंद करावीच लागणार असेल तर निघण्याआधी कोर वाळवा, ट्रे पुसा आणि फिल्टर काढून ठेवा. परत आल्यावर आधी ट्रॅपमध्ये पाणी, मग फिल्टर, मग प्लग. पहिले दोन तास बूस्टवर.